पावसाळ्यात फिल्म रिळावर चढत नाही तेव्हा: काय तपासायचं, कुठे थांबायचं

जून लागला की ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत घरी रोल धुणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. मे महिन्यापर्यंत तेच रीळ (धुण्याआधी फिल्म ज्याच्या खाचेत चढवतात ते), तेच हात, तीच चेंजिंग बॅग (हात घालून आत अंधारात काम करायची पिशवी) आणि सगळं सुरळीत. पाऊस आला की फिल्म अर्ध्यात अडकते, ओढली तर खाचेतून सुटते, आणि माणूस घामाघूम होऊन ठरवून टाकतो की हे काम आपल्याला जमणारं नाही. नौपाड्यात माझ्या घरी अशी अडकलेली रिळं टँकसकट, म्हणजे रोल धुवायच्या बंद डब्यासकट, येत असतात. ती सोडवून सोडवून माझं एक मत पक्कं झालंय. हाताचा दोष क्वचित असतो, बहुतेक वेळा घोळ ओलाव्याचा असतो. तो ओलावा कुठून आला हे शोधलं की काम झालंच.

खाली लिहिलंय ते मुख्यतः ३५ मिमी फिल्म आणि पॅटरसनसारख्या, पुढे-मागे फिरवायच्या प्लास्टिकच्या रिळाबद्दल आहे. स्टीलच्या रिळाबद्दल आणि १२० या रुंद फिल्मबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

लक्षणं

फिल्म नेमकी कुठे अडकते ते लक्षात ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं.

तोंडाशीच अडकते, आत शिरत नाही, किंवा एका बाजूने शिरते आणि तिरकी होते: कापणं चुकलंय, कोपरे टोकदार राहिलेत, किंवा रिळाच्या दोन चकत्या नीट जुळलेल्या नाहीत.

रीळ फिरतं, खटखट आवाजही येतो, पण फिल्म जागची हलत नाही: फिल्मची कड धरणारे, रिळाच्या तोंडाशी असलेले छर्रे अडकलेत.

पहिले वेढे लोण्यासारखे जातात, मग जड होत होत मध्यावर कुठेतरी फिल्म घट्ट बसते: ओलावा, नाहीतर खाचेत साठलेला वेटिंग एजंटचा (डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात त्याचा) थर. पावसाळ्यातली तक्रार शंभरात नव्वद वेळा हीच.

काही लक्षणं रोल धुतल्यावरच दिसतात. निगेटिव्हवर नखाएवढी चंद्रकोर उमटली असेल तर अंधारात फिल्म दुमडली गेली. दुधी, अपारदर्शक पट्टा राहिला असेल तर फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते आणि तिथे डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं केमिकल, पोचलाच नाही. तो पट्टा पुन्हा फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमध्ये) घातला तर स्वच्छ होईल, पण त्यातलं चित्र परत येणार नाही. कडेकडेने काळपट धूसरपणा आला असेल तर कुठून तरी उजेड शिरलाय. तो चढवण्याचा नव्हे, बॅगेचा किंवा टँकचा प्रश्न.

मध्यावरच का अडकते? ३६ फोटोंचा रोल साधारण १.६ मीटर लांब असतो. फिल्मचं पुढचं टोक बाहेरून शिरतं आणि खाचेतून घासत घासत थेट गाभ्यापर्यंत जातं. जितकी फिल्म आत, तितकं घर्षण जास्त. त्यात फिल्मच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन पाणी पितं, फुगतं आणि चिकट होतं. दमट हवेत तीच फिल्म तेवढ्याच खाचेत जास्त घट्ट बसते. पहिल्या दोन वेढ्यांत हे कळत नाही, विसाव्या फ्रेमला कळतं.

उजेडात, एक पैसाही खर्च न करता

रिकामं रीळ कानाजवळ धरून हलवा. तोंडाशी दोन्ही चकत्यांवर एकेक बारीक स्टीलचा छर्रा असतो. रीळ एका बाजूला फिरवलं की तो फिल्मची कड धरतो, उलट फिरवलं की सोडतो. सगळी यंत्रणा एवढीच. छर्रे मोकळे असतील तर खुळखुळ ऐकू येते. एक जरी चिकटलेला असेल तर एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते, आणि फिल्म तिरकी होते. केमिकलचे थेंब तिथे सुकून थर बसला की असं होतं. रीळ अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, टूथपिकने छर्रा हलवून मोकळा करा. तेल घालू नका. शिवणयंत्राचं नको, खोबरेल नको, कुठलंच नको. तेल फिल्मवर लागलं की तिथे डेव्हलपर शिरत नाही.

मग चकत्या बघा. आधी १२० चा रोल धुतला असेल आणि रीळ परत ३५ वर आणलं असेल तर ते खट्ट करून पूर्ण बसलंय का? अर्धवट बसलेलं रीळ डोळ्यांना ठीक दिसतं आणि फिरवताना हळूच रुंद होतं. तोंडाशी असलेले दोन्ही कान समोरासमोर यायला हवेत.

आता सगळ्यात उपयोगी तपासणी. तारीख उलटून गेलेला किंवा वाया गेलेला एक रोल कायमचा तालमीसाठी ठेवा. तो उजेडात, डोळे उघडे ठेवून चढवा. नाही चढला तर दोष रिळाचा आहे, अंधाराचा नाही. चढला तर तोच रोल चेंजिंग बॅगेत चढवून बघा, पण हात घातल्या घातल्या नको, आठ-दहा मिनिटं हात आत तसेच ठेवून मग. उजेडात चढतो आणि बॅगेत दहा मिनिटांनी अडकतो, म्हणजे तुमचं रीळ उत्तम आहे, हातही उत्तम आहेत. बॅगेतली हवा खराब आहे.

ही तालीम टाळून लोक थेट लग्नाचा नाहीतर ऐरोलीला काढलेल्या फ्लेमिंगोंचा रोल घेऊन बसतात. असं करू नका.

टोक कसं कापलंय

लीडरची, म्हणजे फिल्मच्या सुरुवातीच्या टोकाची, जीभ कापून टोक सरळ करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. कुठे कापायचं ते बघितलं जात नाही. कात्री फिल्मच्या कडेच्या दोन भोकांच्या मधून जायला हवी. भोकातून गेली तर कडेला दातासारखं टोक राहतं, आणि ते खाचेच्या प्रत्येक वळणावर अडतं. १९१२ साली दादरच्या घरात दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. आपल्याला ती आयती मिळतात, आपण फक्त त्यांच्यातून कात्री घालायची नाही.

सरळ कापून झालं की दोन्ही कोपरे जेमतेम दोन मिलिमीटर तिरपे छाटा. गोल झाले तर आणखी बरं. मग कडेवरून नख फिरवा. नख कुठे अडलं तर फिल्मही तिथेच अडणार.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे हे सगळं उजेडातच उरकणं. हाताने रोल गुंडाळायचा कॅमेरा असेल तर गुंडाळताना एका क्षणी फिल्म टेक-अपच्या दांड्यावरून सुटल्याचं बोटांना कळतं. तिथेच थांबलात तर लीडर कॅसेटच्या बाहेर राहतो. आत गेला असेल तर लीडर काढायची पट्टी मिळते, फार महाग नसते. हा लीडरचा भाग कॅमेऱ्यात रोल भरतानाच उजेड खाऊन बसलेला असतो, त्यामुळे टोक कापणं, कोपरे छाटणं, रिळाच्या तोंडात घालून छर्र्यांच्या पलीकडे सरकवणं, सगळं टेबलावर दिव्याखाली करता येतं. चार बोटं आत गेली की थांबा. तिथून पुढे अंधार. तोंडाशी अडकण्याची तक्रार या एका युक्तीने संपते. फक्त लीडर बाहेर ठेवलेला रोल काढलेला आहे हे कळावं म्हणून त्याचं टोक लगेच दुमडून ठेवा, नाहीतर तोच रोल परत कॅमेऱ्यात जातो.

फ्रिज आणि एसी

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त रोल इथेच अडकतात आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जुलैत ठाण्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेली कुठलीही वस्तू उघड्या हवेत आणली की तिच्यावर दव धरणार. फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं ते डोळ्यांना दिसतं. कॅसेटच्या आत, फिल्मच्या वेढ्यांवर धरतं ते दिसत नाही.

नेरुळची एक कॉलेजातली मुलगी अधूनमधून फोन करते. दोन्ही हात बॅगेत, फोन स्पीकरवर, नंबर लावायला शेजारी धाकटा भाऊ बसवलेला.

"काकू, परत तिथेच अडकली."

"जोर लावू नकोस. आधी सांग, रोल कुठे होता?"

"फ्रिजमध्ये. बाबांनी भाजीच्या ट्रेमध्ये ठेवला होता."

"बाहेर कधी काढलास?"

"आत्ताच."

"बरं. रीळ, फिल्म सगळं टँकमध्ये टाक. मधली नळी घाल, झाकण फिरवून घट्ट कर, आणि हात बाहेर काढ. जेवून घे. रात्री बघू."

रात्री तोच रोल, तेच रीळ, आणि फिल्म सरळ गाभ्यापर्यंत गेली. तिने काहीही वेगळं केलं नव्हतं.

तेव्हा धुवायचा रोल फ्रिजमध्ये असेल तर सकाळी बाहेर काढा आणि संध्याकाळी धुवा. डबी किंवा झिपची पिशवी त्या वेळात उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर धरू दे, आत नको.

एसीचं गणित यापेक्षा फसवं आहे. एसीची खोली कोरडी असते, म्हणून रीळ तिथे ठेवावं हे बरोबर. पण एसीच्या खोलीतून गार झालेलं रीळ उचलायचं आणि दमट बाथरूममध्ये जाऊन रोल चढवायचा, यात सगळी मेहनत उलटी होते. रीळ, फिल्म, बॅग आणि तुम्ही असे चौघं एकाच खोलीत हवेत, निदान तासभर आधीपासून. एसी असेल तर बॅग घेऊन एसीतच बसा. नसेल तर सगळं पंख्याखाली, खोलीच्याच तापमानाला.

रीळ कोरडं आहे म्हणजे किती कोरडं

हात लावून कोरडं वाटणारं रीळ पावसाळ्यात कोरडं नसतं. खाच अरुंद आणि खोल असते, तिच्या तळाशी पाण्याची रेघ राहते, छर्र्याच्या खोबणीत थेंब राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असताना बाल्कनीत ठेवलेलं रीळ रात्रभरातही वाळत नाही. टॉवेल दोरीवर दोन दिवस दमट राहतो ना, तेच.

हेअर ड्रायर घ्या, मंद आचेवर, हातभर अंतरावरून, दोन्ही चकत्यांच्या खाचांतून हवा जाईल असं फिरवत राहा. प्लास्टिक गरम लागायला लागलं की थांबा. जास्त तापलं तर चकती वाकते, आणि वाकलेली चकती परत सरळ होत नाही. रीळ पूर्ण निवल्यावरच फिल्म घाला.

मग ते उघड्यावर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रीळ तिथे राहू द्या. निळी सिलिका ओलावा प्यायली की गुलाबी होते, तापवली की परत निळी होते. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा ती स्वयंपाकाच्या कढईत तापवायची नाही. शक्यतो नारिंगी घ्या.

आणि एकाच दिवशी दोन रोल धुवायचे असतील तर पहिल्याचं रीळ धुऊन-पुसून दुसऱ्याला वापरू नका. दुसरं रीळ विकत घ्या. पावसाळ्यात केलेला सगळ्यात शहाणा खर्च हाच.

खाचेत बसलेला थर

रीळ खडखडीत कोरडं आहे, हवा बरी आहे, तरी फिल्म जड जाते. तेव्हा खाचेत बोटाचं नख घालून खरवडा. पांढुरकं, साबणासारखं काही आलं तर ते वेटिंग एजंट.

शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट घालतात ते निगेटिव्हवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून. बरेच जण फिल्म रिळावर असतानाच ते टँकमध्ये ओततात. ते खाचेत सुकतं, दर वेळी थोडं साठतं, आणि दमट हवेत परत चिकट होतं. म्हणजे ओलाव्याला आणखी एक साथीदार मिळाला. उपाय सोपा आहे. शेवटचं धुणं झालं की फिल्म रिळावरून काढा आणि वेटिंग एजंटचं पाणी वेगळ्या भांड्यात करून फिल्म त्यात बुडवा. रिळाला ते लागूच द्यायचं नाही. आधीचा थर काढायला कडकडीत नाही, कोमट पाणी आणि टूथब्रश, खाचेतून चक्राकार घासत. साबण लावलात तर तोही नीट धुऊन काढावा लागेल, म्हणून मी लावत नाही.

काही लोक रीळ सरकावं म्हणून कॅरमची पावडर लावतात. फिल्म सरकते, खरंय. मग ती पावडर इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या त्या जिलेटिनच्या थरावर, बसते आणि प्रत्येक आकाशात पांढरे-काळे ठिपके येतात. टाल्कमचंही तेच.

चेंजिंग बॅग, घाम आणि अंधार

बॅगेला दोन थर, दोन झिपा आणि इलॅस्टिकच्या दोन बाह्या. म्हणजे हवा जायला जागाच नाही. त्यात दोन घामेजलेले हात घातले की दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट होते. लोक पहिल्यांदा अडकल्यावर नेमकं उलट करतात. घाबरून आणखी पंधरा मिनिटं आत झटापट करतात. जितका वेळ जातो तितकी फिल्म चिकट होते, आणि जितकी चिकट होते तितका जोर लागतो.

म्हणून हात घालण्याआधी कोपरापर्यंत धुऊन, खरखरीत पुसून, पाच मिनिटं पंख्याखाली बसा. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढा. कोणाचे तळवे फारच घामेजत असतील तर पावडर नसलेले पातळ नायट्राइलचे हातमोजे घालावेत. बॅगेचं कापड हातांवर पडू नये म्हणून आत एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा, एक बाजू कापलेला. त्याने हवाही थोडी जास्त राहते. कात्री मात्र मुलांची, बोथट टोकाची. बॅगेला भोक पडलं की ते शोधण्यात दिवस जातो. भोक आहे का ते बघायचं तर रात्री दिवे घालवून बॅगेत पेटती टॉर्च ठेवा आणि बाहेरून निरखून बघा.

पावसाळ्यात मी बॅगेपेक्षा अंधारी खोली पसंत करते, कारण तिथे हवा खेळती असते. पण बाथरूम नको, निदान कोणी नुकती अंघोळ केलेलं नको. घरातली आतली, खिडकी कमी असलेली खोली, रात्री. दाराच्या फटीला जाड चादर गुंडाळून लावा. दिवे घालवून पाच मिनिटं बसा आणि पांढरा कागद डोळ्यांसमोर धरा. दिसला तर खोली अंधारी नाही. त्या पाच मिनिटांत मग एकेक चोर सापडतो. राउटरचा दिवा, एसीचा आकडा, स्मार्टवॉच, सोसायटीच्या खांबावरचा दिवा. लाल दिवा लावून काम भागेल असं समजू नका. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल रंगही दिसतो. वीज गेलेली असताना 'आयता अंधार मिळाला' म्हणून रोल उघडणारे असतात. ट्यूबचं बटण चालू राहिलेलं असतं, आणि वीज परत येते. बटणं आधी बंद करा, मगच दार लावा.

घरातल्यांना सांगून ठेवा हे वेगळं लिहायला नको. पण सांगाच.

हात

हात इतक्या उशिरा घेतले, कारण बाकीचं ठीक असेल तर हातांना फारसं काम उरत नाही. फिल्मची नैसर्गिक वळण्याची दिशा आणि रिळाची वळणं एकाच बाजूला हवीत. अंगठे फिल्मच्या पृष्ठभागावर नकोत, कडेला हवेत. फिरवणं छोटं आणि एकसारखं ठेवा, मोठे हिसके नकोत. कॅसेट हातात लटकत ठेवू नका, तिच्या वजनाने फिल्म तिरकी ओढली जाते.

मध्यावर जड झालं तर आधी थांबा. रिळाची एक बाजू तळव्यावर दोनदा हलकेच ठोका. कधी कधी बाहेर आलेली कड एवढ्यानेच खाचेत परत बसते. नाही बसली तर फिल्म हळू उलटी काढा, पूर्ण, आणि पहिल्यापासून घाला. अर्ध्यातून पुढे रेटलेली फिल्म चंद्रकोर उमटवल्याशिवाय राहत नाही.

रीळ बदलणं

वर्षानुवर्षं वापरलेल्या प्लास्टिकच्या रिळाच्या खाचा झिजतात, कानांना चिरा जातात. उजेडात, कोरडा, नीट कापलेला तालमीचा रोल अडतो, याचा अर्थ एवढाच की नवीन रीळ घ्या. नव्यात रुंद कान असलेली रिळं मिळतात. त्यांत फिल्म शिरवणं सोपं जातं, विशेषतः १२०.

ज्यांना पावसाळाभर रोल धुवायचेत त्यांनी स्टीलच्या रिळाचा विचार करावा. त्यात छर्रे नाहीत. फिल्म गाभ्याशी क्लिपमध्ये अडकवून आतून बाहेर गुंडाळली जाते, खाचेतून रेटली जात नाही. त्यामुळे ओलावा तिला नडत नाही, रीळ ओलसर असलं तरी चालतं. शिकायला मात्र जास्त वेळ लागतो. फिल्म दोन्ही बाजूंनी किंचित कमानीसारखी दाबून धरावी लागते, आणि पहिला वेढा चुकला की पुढचे सगळे चुकतात. दर दोन वेढ्यांनी फिल्म जरा मागे-पुढे ढकलून बघायची. ती थोडी हलायला हवी. हलत नसेल तर दोन वेढे उलगडा. आणि हे रीळ फरशीवर पडू देऊ नका. किंचित वाकलेलं स्टीलचं रीळ कोणाकडेही सरळ होत नाही.

१२० ची फिल्म ३५ पेक्षा पातळ आणि रुंद, म्हणून ओल्या हवेत जास्त लवकर लोळते. कागद उलगडत गेलं की फिल्मचं सुटं टोक हाती लागतं, तेच आत घालायचं. ते फार लुळं वाटत असेल तर दुसऱ्या टोकाची पट्टी कागदापासून सोडवून फिल्मवरच दुमडून चिकटवा आणि ते कडक झालेलं टोक आधी घाला. पट्टी सावकाश सोडवा. अंधारात निळसर चमक दिसली तर घाबरू नका, चिकटपट्टी सुटताना तसं होतं.

कुठे थांबायचं

तिसऱ्यांदा अडकली, किंवा घड्याळात बघता येत नसलं तरी पंधरा मिनिटं झाल्यासारखी वाटली, की थांबा. फिल्म आणि रीळ सुटं का असेना, टँकमध्ये ठेवा. मधली नळी घाला आणि झाकण बंद होईपर्यंत फिरवा. पॅटरसनच्या टँकमध्ये ती नळी नसेल तर झाकण लावूनही वरून उजेड आत जातो. घाईत नेमकी तीच बाहेर राहते, म्हणून ती बॅगेत सगळ्यात आधी टाकायची सवय लावा. टँक बंद झाला की काही घाई नाही. रीळ बदला किंवा वाळवा, हात वाळवा, उद्या बघा.

काही गोष्टी घरी करायच्याच नाहीत. कॅमेऱ्यात फिल्म तुटली असेल, लिव्हर मोकळी फिरत असेल आणि रोल गुंडाळला जात नसेल, तर मागचं झाकण उघडू नका. डार्करूम असलेल्या माणसाकडे कॅमेरा जसाच्या तसा न्या. ठाण्यात कोणी नाही सापडला तर फोर्टला बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत चौकशी करा. आजोबांच्या कपाटात सापडलेला, कित्येक वर्षं गुंडाळून पडलेला रोलही घरी चढवू नका. तो स्प्रिंगसारखा वळलेला आणि ठिसूळ असतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. ओली होऊन स्वतःलाच चिकटलेली फिल्म ओढून सोडवायला जाल तर इमल्शन निघून येईल. तीही लॅबलाच द्या.

लॅबकडे देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, रोल रंगीत आहे की ब्लॅक अँड व्हाइट. मिनीलॅबच्या यंत्रात रीळच नसतं, फिल्म लीडर कार्डाला चिकटून रोलरमधून जाते, म्हणून अडकण्याचा प्रश्न तिथे येत नाही. पण ते यंत्र सी-४१ चं, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीचं असतं. त्यात साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल गेला तर ब्लीच चांदीचं चित्रच पुसून टाकतं आणि हातात कोरी पट्टी येते. एक्सपी२ सारखे सी-४१ मध्ये धुवायचे ब्लॅक अँड व्हाइट रोल वेगळे. इतरांसाठी हाताने किंवा वेगळ्या टाकीत ब्लॅक अँड व्हाइट करणारी लॅबच हवी.

दुसरी, फिल्म कॅसेटच्या बाहेर आहे. अडकलेली फिल्म अंधारात सैलसर गुंडाळून काळ्या, अपारदर्शक डबीत ठेवा. पांढरट, अर्धपारदर्शक डबी चालणार नाही. डबीला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दोनदा गुंडाळा आणि वर कागद चिकटवा: 'फिल्म सुटी आहे, अंधारातच उघडा', खाली फिल्मचं नाव आणि कुठल्या आयएसओला काढली तो आकडा. काउंटरवरचा मुलगा सवयीने झाकण उघडून बघतो, म्हणून डबी देताना ते तोंडीही सांगा.